डोंबिवलीचीं दोन चित्रें

जागतिकीकरण हा शब्द मराठींत रूढ होऊन तीन दशकें होऊन गेलीं, तरी त्याविषयीं बोलणारांचे पक्ष मात्र अद्याप दोनच राहिले आहेत. एका पक्षास त्यांत आपल्या भाषेचा, चालीरीतींचा आणि लहान व्यापाऱ्याचा अंतकाळ दिसतो. दुसऱ्यास नोकऱ्या, चांगला माल आणि मुलांचें परदेशगमन दिसतें. संमेलनाच्या व्यासपीठावर पहिला पक्ष बोलतो, आणि घरीं जमाखर्च मांडतांना दुसरा. पुष्कळदां हे दोन्ही पक्ष एकाच गृहस्थाच्या ठायीं सुखानें नांदत असतात, ही यांतली खरी मौज आहे. ह्या वादांत आणखी एका मताची भर घालावी असें आम्हांस वाटत नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. जगाच्या व्यापारानें ज्या समाजाचें राहणें, खाणें आणि मिळवणें पालटून टाकलें, त्या समाजाची कला त्या पालटाविषयीं कांहीं बोलते काय? आणि बोलत असल्यास ती कोणाच्या शब्दांत बोलते? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास डोंबिवली ह्या एकाच गांवाच्या नांवावर निघालेले दोन मराठी चित्रपट फार उपयोगी पडतील असें आम्हांस वाटतें. पहिला 'डोंबिवली फास्ट' (२००५), दुसरा 'झोंबिवली' (२०२२). दोहोंनाहि प्रेक्षक लाभले, दोहोंचे सांचे परदेशांतून आले, आणि दोहोंच्यामध्यें सतरा वर्षांचें अंतर आहे. एका गांवानें सतरा वर्षांत आपल्याविषयीं काय सांगितलें, तें ह्यांवरून ताडून पाहतां येईल.

आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. जगाचा व्यापार म्हणजे १९९१ सालीं अकस्मात् कोसळलेली आपत्ति, असें कल्याणच्या खाडीकांठीं बसून तरी म्हणवणार नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतल्या 'पेरिप्लस' ह्या ग्रीक नाविकग्रंथांत 'कल्लिएन' बंदराचा उल्लेख आहे, आणि तो मोठा अर्थपूर्ण आहे. पूर्वीं येथें परदेशीयांना रीतसर व्यापार करतां येत असे. पुढें सत्ता पालटली, बंदरावर निर्बंध आले, आणि येथें लागलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचेस नेलीं जाऊं लागलीं, असें तो ग्रंथकार सांगतो. म्हणजे बाजाराचें दार उघडें ठेवावें कीं मिटावें, हा वाद ह्या गांवीं दोन हजार वर्षांचा जुना आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या प्रवाशानें येथील तांब्याचा, लांकडाचा व कापडाचा बाजार नोंदून ठेवला. तेराव्या शतकांत मार्को पोलोनें ठाण्याच्या कातड्याची आणि सुती कापडाची दखल घेतली.

त्यानंतर आली आगगाडी. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली हिंदुस्थानांतील पहिली उतारूगाडी ठाण्यास येऊन थांबली, आणि १ मे १८५४ रोजीं लोहमार्ग कल्याणास पोहोंचला. त्या मार्गामागें भांडवल विलायतेचें होतें, यंत्रें विलायतेचीं होतीं, आणि आंतल्या मुलखांतला कापूस बंदरावर आणण्याची गरजहि विलायतेचीच होती. तथापि त्यानंतर दहा वर्षांनीं, १८६४ सालीं, कल्याणांत सार्वजनिक वाचनालय निघालें. १८६६ सालीं ठाण्याहून 'अरुणोदय' पत्र निघूं लागलें. १८९३ सालीं ठाण्यांत मराठी ग्रंथसंग्रहालय उभें राहिलें. ह्या संस्था केवळ आगगाडीनें निर्माण केल्या असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कापूस नेण्याकरितां आलेल्या गाडीचा उपयोग येथल्या माणसांनीं पुस्तकें आणण्यासाठींहि करून घेतला, एवढें निःसंशय. परक्याच्या सोयीकरितां आलेली वस्तु आपल्या सोयीची करून घेणें यांतच समाजाची पाचकशक्ति दिसते.

कलेच्या प्रांतांतहि उसनवारी आम्हांस नवी नाहीं. आगरकरांचें 'विकारविलसित' (१८८३) शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'वरून झालें, देवलांचा 'झुंजारराव' (१८९०) 'ऑथेल्लो'वरून. देवलांच्याच 'संशयकल्लोळा'ची वंशावळ शोधूं लागलें तर ती मर्फी नांवाच्या आयरिश नाटककारामार्गें थेट मोलिएरच्या पॅरिसपर्यंत जाते. परंतु फाल्गुनरावाला फ्रेंच म्हणण्याची कोणाची छाती आहे? त्याचा संशय, त्याचा त्रागा आणि त्याच्या तोंडची भाषा, सर्व अस्सल येथल्या मातीचें आहे. यावरून आम्ही आमची कसोटी ठरवितों. उसना सांचा आणला म्हणून कलावंतास दोष देणें व्यर्थ होय. त्या सांच्यांत आपली माती किती बसली, आणि मूळ सांच्यांतला कोणता कोपरा रिकामा राहिला, हें मात्र टीकाकारानें बारकाईनें पाहिलें पाहिजे. कारण तो रिकामा कोपराच पुष्कळदां आपल्याविषयीं अधिक सांगून जातो.

चित्रपटांकडे वळण्यापूर्वीं डोंबिवलीविषयीं चार शब्द आवश्यक आहेत. मुंबईत जागा परवडेनाशी झालेल्या कारकुनांचें, शिक्षकांचें, बँकेंतल्या नोकरांचें हें गांव. पोट मुंबईस आणि बिऱ्हाड डोंबिवलीस, अशा रीतीनें येथल्या पिढ्यांचें आयुष्य सकाळसंध्याकाळच्या लोकलमध्यें गेलें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पुढें गांवाच्या कडेला रासायनिक कारखान्यांची वसाहत वाढली. १९८३ सालीं कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली. गांवाला वाचनाची, गाण्याची व व्याख्यानांची आवड मोठी. १९९९ सालीं येथल्या श्रीगणेश मंदिर संस्थानानें गुढीपाडव्याची नववर्ष-स्वागतयात्रा सुरू केली आणि तिचें अनुकरण महाराष्ट्रांत सर्वत्र झालें. २०१७ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथें भरलें. आपण सुसंस्कृत आहों ही जाणीव डोंबिवलीकराला आहे, आणि आपल्याकडे कोणी लक्ष देत नाहीं हीहि जाणीव तितकीच तीव्र आहे. ह्या दोन जाणिवांच्या घर्षणांतून 'डोंबिवली फास्ट'मधल्या ठिणगीचा जन्म झाला.

निशिकांत कामत ह्यांचा हा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट. माधव आपटे हा बँकेंतला प्रामाणिक नोकर, पत्नी व दोन मुलें ह्यांसह डोंबिवलींत राहणारा. गर्दी, पाणी, लाच, बेपर्वाई ह्यांचे रोजचे बारीक बारीक ओरखडे सोसतां सोसतां एके दिवशीं त्याचा तोल जातो, आणि हा पापभीरु मनुष्य हातांत क्रिकेटची बॅट घेऊन मुंबईच्या रस्त्यांवर अन्यायाचें परिपत्य करीत सुटतो. संदीप कुलकर्णी ह्यांनीं आपटे उभा केला आहे तो विसरतां येणें कठीण. ताठ मान, आंवळलेले ओंठ आणि वर्षानुवर्षें गिळलेले शब्द, हें सारें त्यांनीं शरीरानेंच सांगितलें आहे. चित्रपटास मराठींतील उत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें, आणि तें योग्यच होतें.

ह्या कथेचें जोएल शूमाकर ह्यांच्या 'फॉलिंग डाऊन' (१९९३) ह्या अमेरिकन चित्रपटाशीं असलेलें साम्य सर्वश्रुत आहे. तेथेंहि एक मध्यमवर्गीय गृहस्थ उकाड्याच्या दिवशीं लॉस एंजेलिस शहरांत बिथरतो आणि वाटेंत भेटेल त्याला धडा शिकवीत चालतो. दोन्ही चित्रपटांतला एक प्रसंग समोरासमोर ठेवून पाहण्याजोगा आहे. अमेरिकन नायक एका कोरियन दुकानदाराकडे कोका-कोला मागतो. दुकानदारानें सांगितलेली किंमत त्याला अवाच्यासवा वाटते, आणि तो दुकानाची मोडतोड करतो. आपटे थंड पेयाची बाटली घेतो, दुकानदार छापील किंमतीहून अधिक पैसे मागतो, आणि तेथें त्याची बॅट उचलली जाते. चित्रपटगृहांत ह्या जागीं टाळ्या पडल्या, आणि कां पडल्या हें प्रत्येक मराठी प्रेक्षक जाणतो. थंड करण्याचे म्हणून जादा पैसे आपण सर्वांनींच मुकाट्यानें मोजले आहेत.

परंतु योगायोग असा, कीं ज्या १९९३ सालीं तो अमेरिकन चित्रपट निघाला, त्याच सालीं १९७७ मध्यें हिंदुस्थानांतून निघून गेलेली कोका-कोला कंपनी येथें परत आली आणि येथला प्रसिद्ध थम्स अप हा छापहि तिनें विकत घेतला. म्हणजे आपटे ज्या बाटलीवर संतापला, त्या बाटलीच्या मागें सबंध जागतिकीकरणाचा इतिहास उभा होता. आपटेची दृष्टि त्या इतिहासापर्यंत जात नाहीं. ती दुकानदाराच्या शीतकपाटापाशींच थांबते. वस्तुतः त्या व्यवहारांत सर्वांत दुबळा तोच. विजेचें बिल त्याचें, जागेचें भाडें त्याचें, आणि किंमत मात्र कोठेंतरी दूर ठरून बाटलीवर छापून आलेली. त्यानें जादा पैसे घेणें हा नियमभंग खराच. पण नियम कोणी केला आणि त्यांत कोणाचा लाभ किती, हा प्रश्न आपटेला पडत नाहीं. आणि प्रेक्षकाला तो पडावा अशी दिग्दर्शकाचीहि इच्छा दिसत नाहीं.

येथेंच आम्हांस सांच्याचा रिकामा कोपरा दिसतो. अमेरिकन नायकाच्या संतापास त्या चित्रपटानें कारण दिलें आहे. तो शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतला नोकर, आणि त्याची नोकरी सुटलेली आहे. शीतयुद्ध संपलें, कारखान्याला त्याची गरज उरली नाहीं. जगाच्या राजकारणांतला एक फेरफार एका माणसाच्या घरांत कसा शिरतो, हें तेथें एका रेषेंत सांगितलें आहे. शिवाय तो चित्रपट आपल्या नायकास निर्दोष ठरवीत नाहीं. त्याच्या हातून घडणाऱ्या दुष्टपणाकडे तो डोळे उघडे ठेवून पाहतो. मराठींत येतांना हीं दोन्ही वजनें वाटेंत गळून पडलीं. आपटेची नोकरी शाबूत आहे. त्याच्या दुःखाचें कारण 'भ्रष्टाचार' ह्या एका शब्दांत सांठवलेलें आहे, आणि त्याची बाजू जवळजवळ सर्वत्र खरी ठरवलेली आहे. त्यामुळें चित्रपट अधिक वेगवान झाला, अधिक प्रिय झाला, आणि अधिक अंधहि झाला.

अंध हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतों. आपटे ज्या काळीं लोकलच्या दारांत लोंबकळत होता, त्याच काळीं त्याच्या अवतीभोंवतीं काय चाललें होतें? १९९४ च्या सुमारास कल्याण-डोंबिवलीच्या परिसरांतच प्रीमियर कंपनीनें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशीं भागी करून 'प्यूजो ३०९' ही मोटार बांधण्यास आरंभ केला. नव्या युगाची ती येथील पहिली मोठी पाहुणी. कामगारांचे तंटे आणि भागीदारांचे रुसवे ह्यांत १९९७ पर्यंत तो संसार मोडला आणि परदेशी पाहुणी निघून गेली. २०००-०१ सालीं सरकारी बँकांनीं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली आणि सुमारें एक लाख नोकर बाहेर पडले; आपटेच्या बँकेंत, आपटेच्या शेजारच्या मेजावर, अशी एखादी रिकामी खुर्ची असलीच पाहिजे. पुढें २००९ सालीं मोहन्याचा नॅशनल रेयॉनचा कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षीं ठाण्याच्या रेमंड गिरणीचेंहि काम थांबलें. ह्या शेवटल्या दोन गोष्टी चित्रपटानंतरच्या, त्यांचा जाब त्याला विचारतां येणार नाहीं. पहिल्या दोहोंचा मात्र विचारतां येईल. नोकरी असलेल्या माणसाचा संताप पडद्यावर आला, आणि नोकरी गेलेला माणूस शेजारच्या गल्लींत राहत असून पडद्याबाहेर राहिला. मूळ कथा ज्याची, त्यालाच मराठी कथेंतून वगळण्यांत आलें.

असें कां झालें ह्याचें उत्तर आम्हांस दिग्दर्शकापेक्षां प्रेक्षकांत अधिक सांपडतें. डोंबिवली-ठाण्याच्या सुशिक्षित कुटुंबांस नव्या व्यवस्थेनें जितकें दुखावलें त्याहून अधिक दिलें. मुलगा संगणकाच्या धंद्यांत शिरला, मुलगी परदेशीं गेली, जुन्या जागेच्या बदल्यांत मोठी जागा झाली. हें देणें लहान नाहीं, आणि त्याचा आनंद मानण्यांत कांहीं पाप नाहीं. परंतु ज्या हातानें हें दिलें त्याच हातानें शेजाऱ्याचा कारखाना बंद केला, हें पाहणें जड जातें. मग राग काढावयास जागा उरते ती कोपऱ्यावरचा दुकानदार, रिक्षावाला, खिडकीमागचा कारकून. भ्रष्टाचार हा शब्द अशा वेळीं फार सोयीचा पडतो, कारण त्यांत आपण स्वतः कोठेंच नसतों. 'डोंबिवली फास्ट' ह्या अर्थानें आमच्या वर्गाचें अतिशय प्रामाणिक चित्र आहे. ह्या वर्गाला जें दिसत नाहीं तें त्यांतहि दिसत नाहीं. जातां जातां एक गोष्ट नमूद करतों. कामत ह्यांनींच पुढें २००७ सालीं ही कथा तमिळमध्यें 'एवनो ओरुवन' ह्या नांवानें नेली. लॉस एंजेलिसहून डोंबिवलीस, डोंबिवलीहून चेन्नईस. संताप हाहि अशा रीतीनें निर्यातीचा माल होऊं शकतो.

आतां दुसरें चित्र. आदित्य सरपोतदार ह्यांच्या 'झोंबिवली'नें ज्या भुताला डोंबिवलींत आणलें, त्याची जन्मकथा आपटेच्या बाटलीहूनहि उद्बोधक आहे. झोंबी हें भूत कॅरिबियन समुद्रांतील हैती बेटाचें. त्या बेटावर फ्रेंच मळेवाल्यांनीं आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या गुलामांकडून उंसाची लागवड करून घेतली. युरोपच्या साखरेची गोडी त्या घामांतून आली. तेथल्या लोकसमजुतींत झोंबी म्हणजे ज्याला मरणानेंहि कामांतून सुटका मिळाली नाहीं असा देह. मन गेलेलें, इच्छा गेलेली, केवळ धन्यासाठीं राबणारा. १९१५ पासून १९३४ पर्यंत हैती अमेरिकेच्या ताब्यांत होतें, आणि त्या काळांत ही समजूत अमेरिकेंत जाऊन १९३२ सालीं तिच्यावर 'व्हाइट झोंबी' हा चित्रपट निघाला. १९६८ सालीं जॉर्ज रोमेरो ह्यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'नें त्या भुताला माणसें खावयास लावलें, आणि १९७८ सालीं त्यांच्याच दुसऱ्या चित्रपटांत तीं प्रेतें एका प्रचंड मॉलमध्यें घोंटाळत राहिलीं. राबणारा गुलाम अशा रीतीनें हांवरा गिऱ्हाईक झाला. जागतिक व्यापाराचा इतका नेमका इतिहास आम्हांस एखाद्या अर्थशास्त्राच्या ग्रंथांतहि क्वचितच आढळला आहे.

हें भूत डोंबिवलींत येऊन काय करतें? नवपरिणीत सुखाच्या शोधांत एक अभियंता आपल्या गरोदर पत्नीसह डोंबिवलीच्या एका नव्या उंच वसाहतींत राहावयास येतो. शेजारीं झोपडपट्टी आहे, तिच्यांत पाण्याचे हाल आहेत, तिच्या बाजूनें उभा राहणारा एक तरुण आहे, आणि बाटलीबंद पाण्याचा एक कारखाना आहे. पुढें जो प्रलय माजतो त्याचें मूळ पाण्यांत निघतें. अमेय वाघ आणि ललित प्रभाकर ह्यांचें काम चटकदार आहे, विनोद मोकळा आहे, आणि नांवांतल्या एका अक्षराच्या कोटीवर सबंध चित्रपट उभारण्याचें धाडस आम्हांस आवडलें.

गंभीर प्रकृतीच्या वाचकास हा थिल्लरपणा वाटेल. आमचें मत तसें नाहीं. आपटेच्या चित्रपटांत जें नव्हतें तें ह्या खेळकर चित्रपटांत आहे. येथें भिंतीच्या दोन्ही बाजू दिसतात. उंच इमारतींतलें सुख आणि खालच्या वस्तींतली तहान ह्यांचा संबंध आहे, हें तो निःशंकपणें सांगतो. खऱ्या डोंबिवलीकडे पाहिलें तर ही भिंत काल्पनिक वाटत नाहीं. पूर्वीं इमारतींना 'गुरुकृपा', 'श्रमसाफल्य' अशीं नांवें असत, आणि त्यांत कृतज्ञता किंवा कष्ट ह्यांचा निर्देश असे. आतां गांवाबाहेरच्या पलावा ह्या नव्या नगरांत 'कासा बेला', 'कासा रिओ' अशीं नांवें आहेत. इटली किंवा स्पेन न पाहिलेलीं माणसें तेथें राहतात म्हणून आम्ही हंसत नाहीं. परंतु जीं नांवें शेजारच्या गांवच्या आजीला उच्चारतां येत नाहींत, तीं दाराशीं पहारेकऱ्याचेंच काम करतात, एवढें म्हणतों.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. पहिल्या चित्रपटांत भांडण बाटलीच्या किंमतीवरून झालें; दुसऱ्यांत तें बाटलीच्या आंतल्या पाण्यावरून होतें. सतरा वर्षांत गिऱ्हाइकाचा प्रश्न रहिवाशाचा प्रश्न झाला. किती पैसे घेतां, ह्याऐवजीं काय पाजतां, असें डोंबिवली विचारूं लागली. ही प्रगति आम्ही लहान मानीत नाहीं, आणि ती एका विनोदी भयपटानें करावी ह्यांत आमच्या गंभीर कलेला लाज वाटण्याजोगें पुष्कळ आहे.

तथापि गुणांबरोबर दोषहि सांगितला पाहिजे. चित्रपटाच्या पूर्वार्धांत पाण्याचा प्रश्न आहे, उत्तरार्धांत मारामारी. मुखवटे, रंग, लडखडती चाल, किंकाळ्या, सर्व परदेशी पेठेंतून जसेंच्या तसें उचललेलें आहे, आणि त्या गोंगाटांत मूळ प्रश्न बुडून जातो. शिवाय सर्व पाप लोभी माणसांच्या माथीं मारलें कीं प्रेक्षक मोकळा होतो; इमारतींतल्या आपल्या घराचा त्या पाण्याशीं काय संबंध, हें विचारण्याची गरज त्याला उरत नाहीं. आपटेनें दुकानदारास झोडपून जें समाधान मिळवलें, त्याच जातीचें हें समाधान आहे.

आणि खेदाची गोष्ट अशी, कीं खऱ्या डोंबिवलीला भीति दाखवण्यासाठीं हैतीहून भूत आणण्याची मुळींच गरज नव्हती. २०१४ सालीं येथें हिरवा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारींत औद्योगिक वसाहतींतला रस्ता गुलाबी झाला आणि राज्याचे मुख्यमंत्री तो पाहावयास आले. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजीं त्याच वसाहतींतल्या रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले. दोन्ही वेळां दहाहून अधिक माणसें दगावलीं आणि दूरदूरच्या घरांच्या कांचा फुटल्या. येथेंहि जगाच्या व्यापाराचाच संबंध येतो. श्रीमंत देशांनीं आपल्याकडचे कायदे कडक केले तसतसा रंग, औषधें व रसायनें ह्यांचा घाणेरडा भाग स्वस्त मजुरीच्या व सैल देखरेखीच्या देशांकडे सरकला. कपड्यावरचा सुंदर रंग जातो परदेशीं, आणि त्याचें उरलेलें पाणी राहतें आपल्या नाल्यांत. हिरवा पाऊस आणि गुलाबी रस्ता! एखाद्या कवीनें कल्पिलें असतें तर आम्हीच त्याला अतिशयोक्तीबद्दल फटकारलें असतें. वास्तवानें आयत्या हातीं दिलेलीं हीं प्रतीकें आमच्या कथाकादंबऱ्यांत आम्हांस कोठें भेटलीं नाहींत.

धंद्याची बाजूहि पाहूं. 'झोंबिवली' २६ जानेवारी २०२२ रोजीं, महामारीच्या तिसऱ्या लाटेच्या दिवसांत, चित्रपटगृहांत आला. त्याच सरपोतदारांनीं पुढें २०२४ सालीं 'मुंज्या' काढला. हें भूत मात्र अस्सल कोंकणांतलें. सोडमुंज होण्याआधीं मेलेल्या ब्राह्मणपुत्राचें, पिंपळावर राहणारें, ज्याच्या गोष्टी सांगून आज्यांनीं पिढ्यान् पिढ्या मुलांना दामटून निजवलें. ह्या घरच्या भुतानें देशभर शंभर कोटींहून अधिक धंदा केला, पण तो हिंदी बोलून. हैतीचें भूत मराठींत आलें, आणि कोंकणचें भूत हिंदींत गेलें! ह्यांत दिग्दर्शकास दोष नाहीं. पैसा ज्या भाषेंत परत येतो त्या भाषेंत तो लावला जातो, हा व्यापाराचा साधा नियम आहे. परंतु आपला माल आपल्याच भाषेंत विकला जात नाहीं, ह्याचा अर्थ आपल्या भाषेंतलें गिऱ्हाईक उठून गेलें आहे. जो गृहस्थ मराठीच्या ऱ्हासाविषयीं व्याख्यान ऐकून हळहळतो, तोच मराठी चित्रपटाचें तिकीट काढतांना, तो घरच्या घरीं पडद्यावर केव्हां येईल, असें विचारतो. आरंभीं म्हटल्याप्रमाणें दोन्ही पक्ष एकाच घरांत नांदतात.

ह्या सर्वांवर डोंबिवलीनें शोधलेला उपाय म्हणजे पाडव्याची यात्रा. तिच्याविषयीं आम्हांस आदर आहे. हजारों माणसें पहाटे उठून, नऊवारी व फेटे लेवून, लेझीम घेऊन रस्त्यावर येतात, आणि त्यांत आपण एक आहों हा भाव जागा होतो. तो खोटा नाहीं. पण मिरवणुकीला एक मर्यादा असते. मिरवणुकींत आपण स्वतःस जसें दाखवावेंसें वाटतें तसें दाखवतों. जसे आहों तसें पाहण्याचें काम तिचें नाहीं. तें काम वाङ्मयाचें, नाटकाचें, चित्रपटाचें. यात्रा वर्षांतून एकदां निघते, आणि हें दुसरें काम रोज करावें लागतें. ज्या संस्कृतींत पहिलें उत्साहानें चालतें आणि दुसरें मंदावतें, ती संस्कृति बाहेरच्या बाजारामुळें मरत नसून स्वतःकडे पाहण्याच्या कंटाळ्यानें क्षीण होत असते.

तेव्हां आमचा निर्णय थोडक्यांत असा. 'डोंबिवली फास्ट' हें कलाकृति म्हणून अधिक भरीव, 'झोंबिवली' हें दृष्टीनें अधिक विशाल. पहिल्यानें माणूस खरा रंगवला आणि जग अर्धवट पाहिलें. दुसऱ्यानें जग बरेंचसें पाहिलें, पण त्यांत खरा माणूस रंगवण्यास त्याला सवड मिळाली नाहीं. दोघांनीं परक्यांचे सांचे घेतले हा त्यांचा अपराध नव्हे. देवलांनींहि घेतले होते. देवलांनीं मात्र सांचा पुरता भरला, आणि भरतां भरतां तो मोडून टाकला, म्हणून फाल्गुनराव आमचा झाला.

डोंबिवलीचें तिसरें चित्र अद्याप काढावयाचें आहे. त्यांत मोटारीच्या कारखान्यांतून घरीं बसलेला कुशल कारागीर असेल, मोहन्याच्या वसाहतींत हक्काच्या पैशांची वाट पाहत म्हातारा झालेला कामगार असेल, त्याचा परदेशीं गेलेला हुशार मुलगा असेल, आणि दोघांमध्यें आठवड्यांतून एकदां होणारें, दोघांनाहि टाळावेंसें वाटणारें आणि दोघांनाहि हवें असलेलें संभाषण असेल. त्याला सांचा कोठला घ्यावयाचा तो घ्यावा. ग्रीसचा, अमेरिकेचा किंवा आपल्याच पिंपळाखालचा. तें चित्र ज्या दिवशीं तयार होईल, त्या दिवशीं कल्याणच्या जुन्या बंदराकडे नेलें जाण्यासारखा माल आपल्याजवळ आहे असें म्हणतां येईल. तोंपर्यंत आमच्या तरुण लेखकांनीं निदान एकवेळ गुलाबी रस्त्यावरून पायीं चालून यावें, एवढीच त्यांस आमची विनंति आहे.